वजाबाकी

पंचवीस पौंड.
त्याहून जड कुत्रा मेपल कोर्टात राहू शकत नाही.
नियम अकरा, पोटकलम क.
माणसाच्या वजनाला मर्यादा नाही.

टोलीडोत जानेवारीभर
मी ऑफिसचा वजनकाटा काखेत मारून
स्वस्त भाड्याच्या घरांची दारं वाजवते.
२सी मधलं मांजर कागदावर नाही,
म्हणून मलाही दिसत नाही.
त्याची बशी दिसते. तिच्यावरून मी पाय उचलून जाते.
४बी मधला पोपट मेलेल्या नवऱ्यासारखा खोकतो.
फॉर्मवर रकाना आहे : आवाज होतो का?
मी लिहिते, क्वचित.

तीनशे डॉलर अनामत, दहा-दहाचे तीस हप्ते.
ऑर्व्हिल पेटिफर्डनं एकही चुकवला नाही.
आयुष्यभर काचेच्या कारखान्यात भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस,
आणि त्याचा डीकन,
अर्धा बीगल,
उरलेला अर्धा कोण ते डीकनलाच ठाऊक.

कुत्रा काट्यावर उभा राहत नाही.
म्हणून आधी माणूस एकटा,
मग माणूस कुत्र्यासकट,
मग वजाबाकी.

पहिल्या वर्षी ऑर्व्हिल काट्यावर चढला
तो ओव्हरकोट आणि बर्फातले बूट घालून.
घरात. हीटर चालू असताना.
एकशे शहात्तर.
मग म्हणाला, उकडतंय गं पोरी,
आणि कोट काढून खुर्चीवर टाकला.
खिशातला पाना खुर्चीच्या दांडीवर खणकन वाजला.
बूटही काढले, सावकाश, नाड्या सोडवत,
डीकनला उचललं : दोनशे.
दोनशेतून एकशे शहात्तर गेले,
चोवीस.
मी चोवीस लिहिले.

मापात पाप म्हणतात ते हेच.
पण पाना साधारण दोन पौंडांचा,
कोट, बूट धरून सात.
पाप किती पौंडांचं, ते काट्यावर उमटत नाही.
पुढच्या वर्षीही उकडलं त्याला.
पुढच्या वर्षीही चोवीस.

यंदा कोट त्याच्या अंगात नव्हता,
तो कोटात होता.
पाना, बूट, सगळं जागच्या जागी.
एकशे अठ्ठेचाळीस.
मी आकडा दोनदा वाचला.
काही बोलले नाही. फॉर्मवर तसा रकाना नाही.

मग उकडलं. मग नाड्या.
मग तो वाकला, डीकनच्या पोटाखाली हात घातले,
आणि तसाच राहिला.
उठला. पुन्हा वाकला.
डीकन रेडिएटरकडे बघत होता,
जणू हे दुसऱ्याच कुत्र्याबद्दल चाललंय.

उद्या ये, ऑर्व्हिल म्हणाला.
नियमात उद्या नव्हता.

मी पॅड ठेवलं, बूट काढले,
डीकनला छातीशी घेऊन काट्यावर चढले.
ओलसर, गरम, स्ट्यूचा वास येणारा कुत्रा.
एकशे ब्याऐंशी.
आता यातून मला वजा करायचं होतं.

एकशे अठ्ठावन्न, मी म्हणाले.

डॉक्टरला, लग्नाच्या दर्जीणबाईला,
लायसन्सच्या खिडकीतल्या माणसाला
आजवर मी कमीच सांगत आले.
पहिल्यांदाच आठ पौंड वाढवून सांगितले.
ऑर्व्हिलनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.
दिसत नाहीस हो तेवढी, म्हणाला.
हाडं जड आहेत, मी म्हटलं.
चोवीस लिहिले. सही केली.
त्यानंही केली, लांबलचक, शेवटी एक फराटा.

खाली गाडीत काटा शेजारच्या सीटवर ठेवला.
एकशे शहात्तरातून एकशे अठ्ठेचाळीस.
बोटांवर केलं, मग फॉर्मच्या पाठीवर केलं.
अठ्ठावीस.
डीकनहून जरासा हलका एखादा कुत्रा
तीन वर्षांत त्या घरातून निघून गेला
आणि कोणी नोटीस दिली नाही.

गाडी किणकिणायला लागली.
सीटवर भार आहे, पट्टा लावा.
बर्फ पडत होतं. मी काट्याला पट्टा लावला,
आणि ऑफिसच्या उलट बाजूला वळले,
जिथं डॉक्टर बसतो, की बसायचा पूर्वी,
ते विचारायला.